पिढी बदलली की करार मोडला?

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा सल्ला ऑक्टोबर २०२३मध्ये एका ज्येष्ठ उद्योजकाने दिला. जानेवारी २०२५मध्ये दुसऱ्या एका बड्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी हा आकडा ९०वर नेला आणि कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेता येत नाही, याची खंत व्यक्त केली. त्यानंतर जे वाग्युद्ध पेटले, त्यात दोन पिढ्या समोरासमोर उभ्या केल्या गेल्या. नवी पिढी सुखलोलुप आणि निष्ठाशून्य, असे एका बाजूने म्हटले गेले. जुनी पिढी साहेबाच्या घंटीवर उठबस करणारी, असे दुसऱ्या बाजूने. मूळ प्रश्न मात्र या गदारोळात नामानिराळा राहिला.

पिढ्यांची ही विभागणीच मुळात उसनी आहे. 'बेबी बूमर' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत जन्मलेली आणि तेथील वाढत्या समृद्धीत वाढलेली पिढी. त्याच वर्षांत भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला फाळणीच्या जखमा, शिधापत्रिकेवरचे धान्य आणि सेवायोजन कार्यालयापुढील रांगा आल्या. स्कूटरसाठी नाव नोंदवून त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. या दोन समाजांना एकच मोजपट्टी लावून व्यवस्थापनशास्त्राचे पंडित येथील कर्मचाऱ्यांचे स्वभाव सांगतात आणि आपणही माना डोलावतो, ही बौद्धिक पारतंत्र्याचीच खूण नव्हे काय?

बँकेत, टपाल खात्यात, एस.टी.त वा गिरणीत आयुष्य घालविलेल्या पिढीने स्थैर्याला सर्वाधिक मोल दिले. महिन्याचा ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीचे कर्ज, अनेकांना निवृत्तिवेतन, एवढ्यावर घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली. या आश्वासनाच्या बदल्यात तिने निष्ठा दिली. त्या काळात सारेच सोन्यासारखे होते, असे नाही. सुरक्षिततेच्या सावलीत कामचुकारपणाही पोसला गेला आणि त्याची किंमत सामान्य नागरिकाने खिडकीसमोर ताटकळत मोजली. तरीही देणे आणि घेणे यांचा एक मेळ तेथे होता.

तो मेळ तरुणांनी मोडला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. माघार कधी घ्यावी हे न जाणणारे नेतृत्व आणि यंत्रमागांपेक्षा जमिनीच्या भावाकडे डोळे लावून बसलेले अनेक मालक, यांच्या कात्रीत गिरणगाव संपले. १९९१नंतर अर्थव्यवस्था खुली झाली. २०००-०१मध्ये सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५पासून रुजू होणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. निष्ठेचे मोल काय होते, हे आजच्या तरुणाने पुस्तकात वाचलेले नाही. ते त्याने घरात, वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

मग तो वेळ मागतो, स्पष्ट शब्द मागतो, शिकण्याची संधी आणि सन्मान मागतो, तर नवल कसले? राजीनामा देताना त्याने तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यायची आणि कंपनीला तो नकोसा झाला की त्याच दुपारी त्याचे प्रवेशपत्र बंद व्हायचे! चाकणच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराला तर एवढेही कवच नाही. सुरक्षितता या पिढीला नको आहे, हेही खोटे. मार्च २०२३मध्ये राज्यातील कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा ती मागणी प्रामुख्याने २००५नंतर सेवेत आलेल्यांच्याच भवितव्याची होती.

तरुणही दोषमुक्त नाहीत. खिशात दुसऱ्या नोकरीचे पत्र ठेवून पहिलीत पगारवाढीची घासाघीस करणे हा पुरुषार्थ नव्हे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळवून दिली, ती संघटित श्रमिकांच्या रेट्यामुळे. हिंजवडीतील अभियंता मात्र स्वतःला श्रमिक मानायलाच तयार नाही. म्हणून त्याच्या तासांना मर्यादा नाही आणि त्याच्या तक्रारीला व्यासपीठ नाही.

२३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे स्व. दत्तोपंत ठेंगडी यांनी वर्गसंघर्षाच्या जागी औद्योगिक परिवाराची संकल्पना मांडली. विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिन मानण्यामागेही श्रम ही विकाऊ वस्तू नाही, हीच दृष्टी आहे. आज वार्षिक समारंभात 'आपण सारे एक कुटुंब' असे सांगणारे व्यवस्थापक हाच शब्द वापरतात. पण तिमाहीचा नफा घटला म्हणून धाकट्याला घराबाहेर काढणारे कुटुंब कोणी पाहिले आहे? परिवार म्हणायचे असेल, तर कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत. राष्ट्रासाठी अधिक तास मागणाऱ्याने आधी त्या श्रमाचे पूर्ण दाम आणि उद्याची हमी द्यावी.

कार्यकर्त्यांनीही आता कारखान्याच्या फाटकापुरते न थांबता काचेच्या इमारतींपर्यंत पोहोचले पाहिजे. आणि घरोघरच्या वडिलांनी मुलाला 'पॅकेज किती?' एवढेच विचारणे सोडावे. केवळ दाम विचारत वाढविलेल्या मुलाकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?