आई-बाबांची व्होल्गा

रिटायर्ड आई-बाबांची फॉरेन टूर म्हटली की डोळ्यांसमोर तोच सीन येतो. पहाटे पाचला वेक-अप कॉल, बॅगा बसमध्ये, रोज नवं हॉटेल. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी ही ट्रिप नाही बॉस, शिक्षा! म्हणून २०१९च्या जूनमध्ये आम्ही भावंडांनी आमच्या सोलापूरकर जोडीला थेट रशियातल्या नदीवर धाडलं. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग, बोटीनं.

फंडा सिंपल आहे. बॅग एकदाच उघडायची. खोली तीच राहते, खिडकीबाहेरचं गाव बदलतं. वाटेत उग्लिच, मग ओनेगा सरोवरातलं किझी बेट आणि तिथलं १७१४चं बावीस घुमटांचं लाकडी चर्च. पाण्याची पातळी बदलते तिथे बोट लॉकमध्ये शिरते, दारं बंद होतात आणि अख्खी बोट लिफ्टसारखी वर-खाली! आई यावर जाम खूश. जेवणावर नाही. बोर्श्ट म्हणजे बिटाचं सार, पण बहुतेकदा मांसाच्या रश्श्यातलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बॅगेत होती म्हणून निभावलं.

बाबांचं मात्र वेगळंच झालं. उग्लिचच्या अलीकडे कल्याझिन लागतं. १९४०च्या सुमारास व्होल्गेवरच्या धरणात या गावाचा जुना भाग बुडाला. चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा उरला, अजून पाण्यात उभा आहे.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीत गेलेलं. १९८०मध्ये धरण पूर्ण झालं. आज सोलापूर त्याच उजनीचं पाणी पितं. बाबा हा विषय कधी काढायचे नाहीत. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येताना बॅकवॉटर दिसायला लागलं की त्यांच्या तोंडासमोर पेपर! तो मनोरा दिसल्यावर मात्र ते रेलिंगला धरून उभे राहिले आणि बोलायलाच लागले. वाड्याची दिंडी, चुलत्यांची विहीर, शेवटच्या दिवशी बैलगाडीत काय काय भरलं. "सदतीस वर्षांच्या संसारात यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं," आई नंतर म्हणाली. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "गाडी काढ."

आता तुमच्या आई-बाबांचं. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेन युद्ध पेटलं आणि बरीच गणितं बदलली. पाश्चात्त्य क्रूझ कंपन्यांनी काढता पाय घेतला. आपली व्हिसा-मास्टरकार्डं तिथे चालत नाहीत, रोख न्यावी लागते. भारतीयांना ऑगस्ट २०२३पासून ई-व्हिसा मिळतो, तेवढा दिलासा. इन्शुरन्सची बारीक अक्षरं वाचा आणि परिस्थिती बघूनच बुकिंग करा. नद्या गोठतात, त्यामुळे सीझन साधारण मे ते ऑक्टोबर.

आणि हो, कल्याझिन किती वाजता येणार, ते बोटीवर चढल्या चढल्या विचारून ठेवायला सांगा. बोट तिथे थांबेलच असं नाही, झोपेत निघून जायचं.