प्रॉडक्ट जातं, स्टँडर्ड राहतं

नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, "सध्या कुठलं फ्रेमवर्क शिकू?" अनेकांना एकाच वेळी लिहिता येईल अशा एडिटरवर मी बरीच वर्षं काम करतोय आणि माझं उत्तर जरा खडूस वाटतं. फ्रेमवर्क काय, नोकरीत गरज पडली की येतंच. शनिवार-रविवार घालवायचाच असेल तर स्टँडर्ड्स वाचा.

का, ते सांगतो. गूगल वेव्ह आठवतंय? मे २००९ मध्ये केवढा गाजावाजा! आमंत्रण मिळवायला लोक धडपडत होते. ऑगस्ट २०१० मध्ये काम थांबवल्याची घोषणा झाली आणि एप्रिल २०१२ मध्ये दुकान बंद. पण त्याच्या पोटातली कल्पना, ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्येच मांडली होती. वेव्ह गेलं, ती राहिली. तसंच वेबसॉकेटचं. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ आला. त्यानंतर कितीतरी चॅट ॲप्स आली नि गेली, तो आपला जागेवर आहे.

ती कल्पना तशी साधी. तुम्ही वाक्याच्या सुरुवातीला "उद्या" घातलंत आणि त्याच क्षणी मी पुढे कुठेतरी काही खोडलं, तर माझी जागा तेवढी सरकवायची. पण तेवढी म्हणजे किती? आपल्या लेखी "उद्या" म्हणजे दोन अक्षरं. यंत्राच्या लेखी पाच: उ, द, हलन्त, य आणि काना.

आता "पक्ष" घ्या. मी बॅकस्पेस मारून ष उडवला. त्याच वेळी तुम्ही शेवटी वेलांटी देऊन "पक्षी" केलात. दोन्ही बदल एकत्र आले की उरतो प, क, हलन्त आणि लोंबकळणारी वेलांटी. अल्गोरिदम म्हणतो, मी दोघांचंही ऐकलं. मराठी वाचणारा म्हणतो, हे काय आहे?

"क्ष" हे एक अक्षर की दोन, हे एडिटर बनवणारी कंपनी सहसा स्वतः ठरवत नाही. ते युनिकोडच्या नियमांत असतं. तिथल्या मूळ नियमानुसार क् आणि ष वेगळे पडायचे. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरणारा नियम आला तो युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये. बालवाडीतल्या पोराला जे कळतं ते तिथं पोचायला इतकी वर्षं लागली!

म्हणून माझं म्हणणं, नुसतं वाचून थांबू नका. आयईटीएफमध्ये सभासद फी नाही, मतदान नाही. मुद्दा पटवून द्या आणि चालणारा कोड दाखवा, बस्स. युनिकोडला कुणीही चूक कळवू शकतं. ज्यांची भाषा मोडते त्यांनीच तिथं बोलायला हवं, दुसरं कोण कशाला बोलेल?

अप्रेझलला याचे मार्क मिळतात का? बहुतेक ठिकाणी नाही. मॅनेजरला लाँचची तारीख हवी असते, आणि त्याचंही बरोबरच आहे, पगार त्यातूनच येतो. पण दहा वर्षांनी त्या प्रॉडक्टचं नावही कुणाला आठवणार नाही. तुम्ही धसास लावलेला एखादा नियम मात्र जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये मुकाट्याने चालत असेल.

बघा, पटतंय का. नाहीतर फ्रेमवर्क आहेतच, दर सहा महिन्यांनी नवीन.