‘पारंपरिक’ या विशेषणाचे वजन

साहित्याच्या वर्गात ‘परंपरा’ हा शब्द आला की आपण सावध होतो. कोणाची परंपरा, कोणत्या काळातली, कोणी सांगितलेली, असे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचताना ही सावधगिरी कुठे जाते? रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवर जी ‘पारंपरिक वनौषधी’ विकली जाते, तिच्या वेष्टनावर हे विशेषण पुराव्याच्या जागी ठाण मांडून बसलेले असते.

आधी परंपराच पाहू. सुश्रुतसंहिता रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी आणि क्षय पन्नाशीला सांगते. तिथे तो वयाचा स्वाभाविक टप्पा आहे. शतावरीची जुनी ख्याती मुख्यतः स्तन्यवर्धक आणि बल्य म्हणून. तेव्हा ‘हजारो वर्षांपासून रजोनिवृत्तीवर गुणकारी’ हे विधान ग्रंथांपेक्षा जाहिरातीचे अधिक आहे. शतावरीवर अलीकडे काही चाचण्या झाल्या, पण त्या लहान आणि अल्पमुदतीच्या आहेत. त्यांवरून पुढील संशोधन व्हावे. दावे करू नयेत.

ही जाहिरातीची भाषा एकट्या आपल्याकडचीही नव्हे. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ १८७५ पासून विकले जाऊ लागले. त्यात ब्लॅक कोहोश ही तिथल्या मूलनिवासींच्या वापरातली मुळी होती, आणि भरपूर मद्यार्कही. स्त्रियांनी आपली दुखणी पिंकहॅमबाईंना पत्राने कळवावीत, असे आवाहन जाहिरातींत असे. बाई १८८३ मध्ये वारल्या. पत्रांना त्यांच्या नावाने उत्तरे मात्र जातच राहिली. अखेर १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. निवेदकाची विश्वसनीयता शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

त्याच ब्लॅक कोहोशची पुढे रीतसर परीक्षा झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३५१ स्त्रियांवरील वर्षभराच्या चाचणीत ती मुळी वाफांवर निरौषध गोळीहून सरस ठरली नाही. २०१२ च्या कोक्रेन आढाव्याने १६ चाचण्या आणि २०२७ स्त्रिया विचारात घेऊन पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला. सोयाबीन वगैरेंतील वनस्पतिज इस्ट्रोजेनांबाबत २०१३ चा आढावाही निर्णायक पुराव्यापर्यंत पोचला नाही. उलट यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्लॅक कोहोशच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरण तिथेच कोसळते.

‘पण माझ्या मावशीला गुण आला’ हा आक्षेप ठरलेला. गुण आला असेलही. निरौषध गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफांची संख्याही चाचण्यांअखेर सरासरी निम्म्याहून अधिक घटल्याचे २००४ च्या एका आढाव्यात दिसले. मावशी खोटे बोलत नाही. तिच्या अनुभवावरून कारण मात्र सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप आपल्या वर्तुळातला: चाचणी ही पाश्चात्त्य ज्ञानसत्तेची कसोटी आहे. मग पिंकहॅमबाईंची बाटली कोणत्या सत्तेची? या कसोटीने पाश्चात्त्य औषधांनाही सोडलेले नाही. २००२ मध्ये संयुक्त संप्रेरकांची १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी स्तनकर्करोगाचा वाढता धोका दिसताच मुदतीपूर्वी थांबवली गेली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यामुळे पन्नाशीच्या निरोगी स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हेही पुढे त्याच पद्धतीच्या विश्लेषणातून कळले. स्वतःची दुरुस्ती करणारी अशी व्यवस्था वेष्टनावरच्या विशेषणापाशी नाही.

स्त्रिया त्या बाटलीकडे का वळतात, हे मात्र समजून घेतले पाहिजे. घरात ‘वयाचं आहे’ आणि दवाखान्यात ‘सहन करा’ एवढेच ऐकणाऱ्या बाईशी तिच्या दुखण्याचे नाव घेऊन बोलते ती जाहिरातच. म्हणून वैद्यकाने तिचे ऐकून घ्यावे आणि उपचारांचे लाभ-धोके तिच्या भाषेत सांगावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा असू शकतो. अशा वेळी काढा घेत घालवलेले महिने जिवावर बेततात. शब्दांची पारख करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या शिक्षकांनी अशी एखादी जाहिरात वर्गात पाठ्य म्हणून वाचायला घ्यावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक विशेषणाला त्याचा पुरावा विचारावा.