ड जीवनसत्त्व : उणीव भरावी, हाव धरू नये



शहाद्यातील एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर उन्हाने रस्ता तापला आहे. गोमाईकाठच्या शिवारात केळी आणि पपईच्या बागा उभ्या आहेत. घरात खाटेवर पंचाहत्तरीच्या आजी बसल्या आहेत. त्यांचे अंग दुखते, खाली बसल्यावर उठताना भिंतीचा आधार लागतो. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघाले म्हणून डॉक्टरांनी पावडरच्या पुड्या लिहून दिल्या आहेत. मुलगा आणि सून कामावर जातात, त्यामुळे औषधाचे काम नातवाकडे आले आहे. तो रोज सकाळी न चुकता दुधात पुडी मिसळून आजींना देतो.

या चित्रात एकच शब्द चुकला आहे, तो म्हणजे 'रोज'. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असे लिहिले होते.

हे घर कल्पनेतले असले तरी चूक कल्पनेतली नाही. आठवड्याची मात्रा रोज घेतल्याने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी आल्या आहेत. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये 60,000 युनिट असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज 600 युनिट आहे. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची शिधा भरलेली असते! उणीव भरून काढण्यासाठी ती मोजून आठवडे दिली तर उपकारक ठरते. तीच रोज दिली तर काय होईल, याचा हिशेब आपणच करावा.

उन्हाच्या गावात उणीव कशी?

आपल्यापैकी अनेकांना प्रश्न पडतो की, नंदुरबार जिल्ह्यासारख्या उन्हाच्या मुलखात ही उणीव यावीच कशी? या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते. तत्कालीन मुंबई इलाख्यात हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी मुडदूस या हाडांच्या विकाराचा अभ्यास करून तो 1922 मध्ये प्रसिद्ध केला. पोटभर खाणाऱ्या, पण पडद्याच्या चालीमुळे घराबाहेर न पडणाऱ्या सुखवस्तू घरांत हा विकार त्यांना आढळला. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत मात्र तो आढळला नाही. सूर्य गावावर तळपतो म्हणून तो प्रत्येकाच्या त्वचेपर्यंत पोहोचतोच असे नाही.

आज पडद्याची जागा भिंतींनी आणि कार्यालयांनी घेतली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी हजाराहून अधिक निरोगी तरुण-तरुणींची तपासणी केली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 70 टक्के व्यक्तींत ड जीवनसत्त्व कमी आढळले. तरुणांची ही स्थिती, तर घरात बसून असलेल्या वृद्धांची काय असेल? त्यात वयाचा भाग निराळाच. वाढत्या वयात त्वचेतील कच्चा माल घटतो आणि तेवढ्याच उन्हात वृद्ध त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहून कमी ड जीवनसत्त्व तयार करते.

येथे आपल्या एका समजुतीला मुरड घालावी लागेल. 'कोवळे ऊन घ्यावे' हा सल्ला मनाला आणि सांध्यांना सुखावणारा असला, तरी ड जीवनसत्त्व घडवणारे किरण कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तेव्हाचे ऊन कामाचे. शहाद्यात मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच सावली उंचीहून आखूड झालेली असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारी साडेबारा वाजताही ती जेमतेम उंचीएवढी भरते. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊच्या सुमारास डोके झाकून, तर थंडीत दुपारच्या वेळी, हातपाय उघडे ठेवून पंधरा ते वीस मिनिटे बसावे. उष्णतेच्या लाटेत मात्र वृद्धांनी हा नेम मोडलेलाच बरा. खिडकीच्या बंद काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही, कारण काच ते किरण अडवते.

नाव जीवनसत्त्वाचे, काम संप्रेरकाचे

ड जीवनसत्त्व हे खरे पाहता संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या, कुळातले आहे. त्वचेत जन्मलेला हा पदार्थ आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतो. तेथून निघालेले त्याचे कार्यक्षम रूप आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्याची आज्ञा देते. ही आज्ञा क्षीण झाली की रक्तातील कॅल्शियम घसरू लागते. मग मानेत थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात. त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताची पातळी सांभाळते. घरखर्च भागवण्यासाठी ठेव मोडत राहावी, तसा हा प्रकार आहे. वरून सारे ठीक दिसते, आतून हाडे पोकळ होतात आणि मांड्यांचे स्नायू दुबळे पडतात. जमिनीवरून उठताना आजींना भिंत धरावी लागते, तिचे एक कारण हे असू शकते. अशा खऱ्या उणिवेत उपचाराने लाभ होतो, याविषयी वैद्यकात दुमत नाही.

याच ग्रंथींपैकी एखादीत गाठ होऊन ती आपणहून जादा संप्रेरक सोडू लागली, तर रक्तातील कॅल्शियम उलट वाढते. ज्यांना वारंवार मूतखडे झाले आहेत किंवा ज्यांचे कॅल्शियम आधीच चढे आहे, त्यांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही पुडी घेऊ नये.

मधुमेह, थायरॉइड आणि आशेचा बाजार

अनेक विकारांत ड जीवनसत्त्व कमी आढळते, म्हणून ते दिल्याने ते विकार बरे होतील, अशी आशा संशोधकांनाही होती. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, त्याचे वजन अनेकदा वाढलेले असते, म्हणूनही त्याची पातळी कमी भरू शकते. कमतरता कारण आहे की परिणाम, हे चाचणी करूनच ठरते.

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2,423 व्यक्तींवर अशी चाचणी झाली. निम्म्या व्यक्तींना रोज 4,000 युनिट दिले, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. 2019 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा सुमारे अडीच वर्षांत पहिल्या गटातील 293 आणि दुसऱ्या गटातील 323 जणांना मधुमेह झाला होता. हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता. पुढे 2023 मध्ये अशा तीन चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा उंबरठ्यावरील व्यक्तींत सुमारे 15 टक्के धोका घटल्याचे दिसले. लाभ असलाच तर तो इतका माफक आहे आणि तो मधुमेह होण्यापूर्वीचा आहे. मधुमेह जडलेल्यांसाठी ही पुडी साखरेचे औषध नव्हे. थायरॉइडच्या गोळीची जागाही ती घेऊ शकत नाही.

थायरॉइडच्या रुग्णांनी एक गोष्ट मात्र आजच तपासावी. ड जीवनसत्त्वाबरोबर बहुधा कॅल्शियमची गोळी दिली जाते आणि ती थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतल्यावर कॅल्शियमसाठी किमान चार तास थांबावे. एवढ्या बदलानेही काहींचे बिघडलेले अहवाल ताळ्यावर येतात.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

वृद्धांविषयीचे दोन अभ्यास प्रत्येक काळजीवाहकाने ध्यानात ठेवावेत. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील 2,256 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा 5 लाख युनिटची मात्रा दिली गेली. त्या पडू नयेत, त्यांची हाडे मोडू नयेत, हा हेतू होता. 2010 मध्ये निष्कर्ष आला तो उलटाच. औषध घेतलेल्या गटात पडण्याचे प्रमाण 15 टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे 26 टक्क्यांनी अधिक निघाले. झुरिकमध्ये सत्तरीपुढील, पूर्वी पडलेल्या 200 व्यक्तींवरील अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दरमहा 24,000 युनिट घेणाऱ्यांपैकी वर्षभरात सुमारे 48 टक्के जण पडले, तर दरमहा 60,000 घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के. उणीव भरून निघाल्यावर वृद्धांना रोजची लहान मात्रा देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ड जीवनसत्त्व चरबीत साठते. त्यामुळे अतिरेक झाल्यास औषध थांबवूनही त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही टिकतो. रक्तात कॅल्शियम वाढले की तहान फार लागते, लघवी वारंवार होते, मलावरोध होतो, भूक मरते, उलट्या होतात, गुंगी येते, बोलणे भरकटते. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दुर्दैव असे की वृद्धांत ही लक्षणे दिसली की घरचे म्हणतात, 'वय झाले आता.' पुड्या चालू असलेल्या माणसाविषयी हे वाक्य उच्चारण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम आणि क्रिॲटिनिन तपासून घ्यावे. तपासणी साधी आहे आणि वेळेत झाली तर माणूस पूर्ववत होऊ शकतो.

आजच करण्यासारखे

घरातील औषधांचा डबा काढा. पुडीवर किती युनिट लिहिले आहेत ते मोठ्याने वाचा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा. आठवड्याचा एक वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करा. पुडी दिली की तारखेवर रेघ मारा. सांगितलेले आठवडे संपले की पुड्या थांबवा आणि पुढचे डॉक्टरांना विचारा. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हापुन्हा पुड्या आणू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास घेतलेल्या पुड्या आणि इंजेक्शने दोन्ही सांगा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण तिच्यातील काही प्रकार कॅल्शियम वाढवतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांची मात्रा निराळी असते, ती तज्ज्ञांनीच ठरवावी. दूध, दही, नाचणी, तीळ यांना ताटात जागा द्या. कॅल्शियमच नसेल तर ड जीवनसत्त्वाने शोषायचे काय?

आणि त्या नातवाला रागावू नका. त्याने प्रेमाने आणि नेमाने काम केले. त्याला फक्त वार कोणी सांगितला नव्हता. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवारी' असे लिहा आणि उरलेल्या सहा दिवशी त्याला आजींचा हात धरून, सावली आखूड असताना, अंगणात घेऊन जायला सांगा.