न बांधलेला घुमट



जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बुलेट ट्रेन, रोबो आणि कार्टून! हो ना? आम्ही चार शिक्षिका मैत्रिणी मे महिन्याच्या सुटीत जपान पाहून आलो. ती सगळी मजा केलीच. पण आज तुम्हांला सांगणार आहे ते तिथल्या जळलेल्या इमारतींविषयी.

पहिलं शहर टोकियो. तिथे असाकुसा भागात सेन्सोजी नावाचं बुद्धमंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या दाराशी जवळजवळ चार मीटर उंचीचा लालभडक कंदील टांगलेला असतो. मार्च १९४५ मधल्या बाँबहल्ल्यात हे मंदिर जळालं. लोकांनी वर्गणी काढली आणि १९५८ साली मुख्य मंदिर पुन्हा उभं केलं.

टोकियोहून क्योतो सुमारे पाचशे किलोमीटर. बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत पोचलोसुद्धा! तिथलं सोनेरी मंदिर तळ्यात आपलंच रूप न्याहाळत उभं असतं. १९५० साली एका तरुण भिक्षूने त्याला आग लावली. पाच वर्षांत, १९५५ साली, ते पुन्हा होतं तसं बांधून झालं.

तिथून जवळच नारा. इथे हरणं रस्त्यावर मोकळी फिरतात आणि बिस्किटं मागायला मागे मागे येतात. इथल्या तोदाइजी मंदिरात पंधरा मीटर उंचीचा बसलेला बुद्ध आहे. गंमत ऐका हं! इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान मिळाला तो आपल्या भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला. हे मंदिर लढायांमध्ये दोनदा जळलं. आजची इमारत १७०९ सालची.

म्हणजे जळलं की बांधायचं, ही जपानी माणसांची रीतच म्हणा ना!

पण शेवटचं शहर होतं हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता तिथे अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. आज तिथे रुंद रस्ते आहेत, ट्राम आहेत, झाडं आहेत. मात्र नदीकाठी एक पडकी इमारत तशीच उभी आहे. भिंतींना भगदाडं, वर घुमटाचा नुसता लोखंडी सांगाडा. बाँब जवळजवळ डोक्यावरच फुटला. धक्का वरून खाली आला, म्हणून काही भिंती टिकल्या.

माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, सगळं शहर बांधलं, मग हे एवढंच का बरं सोडलं?"

याचं उत्तर ऐकून तुम्हांला अभिमान वाटेल. ही इमारत पाडून टाका, असं पुष्कळांना वाटत होतं. ती पाहिली की त्यांना आपली गेलेली माणसं आठवत. त्यांचंही चूक नव्हतं. पण हिरोको काजियामा नावाची एक मुलगी होती. बाँब पडला तेव्हा ती एक वर्षाची होती. सोळाव्या वर्षी, १९६० साली, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. त्या भयंकर दिवसाची गोष्ट जगाला ही इमारतच सांगत राहील, अशा अर्थाचं तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. ते वाचून तिथल्या मुलांनी रस्त्यावर उभं राहून सह्या आणि पैसे गोळा करायला सुरुवात केली. हळूहळू मोठी माणसंही सामील झाली. अखेर १९६६ साली नगरपालिकेने ठराव केला : ही इमारत जपायची!

मग दुरुस्ती झाली, पण कशी? पडकी इमारत पडकीच राहावी म्हणून! आतून लोखंडी आधार दिले, भेगा बुजवल्या. १९९६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानलं.

मुलांनो, काय नव्याने बांधायचं आणि काय आठवणीसाठी तसंच ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे येतो. तुमच्या गावात एखादा जुना वाडा, वेस किंवा बारव आहे का? आजी-आजोबांना तिची गोष्ट विचारा, आईबाबांना घेऊन पाहून या. ती वास्तू पाडावी, बांधावी, की तशीच ठेवावी? तुमचं मत कारणांसह लिहून आम्हांला पाठवा हं!

तुमची,
बाई