अपेक्षा कोणाची, अपयश कोणाचे?

(तृतीय वर्ष, कला)

‘पोरगा फुकट गेला’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. शाळेत पहिला येणारा मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्गावर थांबला की ते उच्चारले जाते. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली मुलगी पुढे कला शाखेकडे वळली की तिच्याबाबतही, जरा सौम्य शब्दांत, तेच म्हटले जाते. म्हणणाऱ्याला यात काहीच जोखीम नसते. ही अपेक्षा आपण केव्हा केली, कोणत्या पुराव्यावर केली आणि ज्याच्याकडून केली त्याला निदान विचारले तरी होते का, हे प्रश्न त्याला कोणी घालीत नाही.

हा हिशेब नीट मांडण्यासाठी मी दूरचे एक उदाहरण घेणार आहे, ते अमेरिकेतील बेसबॉलचे. कारण साधे आहे. आपल्याकडच्या अपेक्षा हवेत विरून जातात. तेथे मात्र अपेक्षेला तारीख असते, क्रमांक असतो आणि बहुधा डॉलरमध्ये किंमतही असते. कोणी, कधी, कोणाकडून काय मागितले होते ते सगळे छापील सापडते.

शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की यात चेंडू फेकणारा ‘पिचर’ हा सर्वेसर्वा असतो. संघाचे भवितव्य त्याच्या खांद्यावर असते, आणि हे अगदी शब्दशः खरे आहे. १९६५ सालापासून तेथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, होते. व्यावसायिक संघ क्रमाक्रमाने एकेका मुलाचे नाव पुकारतात. ज्याने नाव घेतले त्याचा त्या मुलाशी करार करण्याचा हक्क. मुलगा लगेच मेजर लीगमध्ये जात नाही. खाली मायनर लीगची शिडी असते आणि ती चढण्यात बहुतेकांची काही वर्षे जातात. अशा मुलाला तेथे ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. खनिजे शोधणारे लोकही हाच शब्द वापरतात. जेथे खणले तर काही हाती लागेल अशी आशा आहे, ती जागा. संघांचे पारखी गावोगाव हिंडून मुलांना २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. (२० च्या खाली ते कोणालाच उतरवीत नाहीत. आमच्या काही प्राध्यापकांनी या पद्धतीचा अवश्य विचार करावा.)

आता डेव्हिड क्लाइडची गोष्ट. ह्यूस्टनमधला हा डावखुरा पिचर १९७३ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात अठरा सामने जिंकला आणि एकही हरला नाही. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिलेच नाव त्याचे पुकारले गेले. पुकारणारा संघ होता टेक्सास रेंजर्स. हा संघ १९७२ साली वॉशिंग्टनहून टेक्सासला आला होता आणि त्या पहिल्याच मोसमात शंभर सामने हरला होता. बाके रिकामी राहत होती आणि मालक बॉब शॉर्ट पैशाच्या अडचणीत होता. त्याला गरज होती ती तिकिटे खपवणाऱ्या माणसाची, आणि नेमका तो माणूस टेक्सासमधलाच अठरा वर्षांचा शाळकरी मुलगा निघाला.

संघाचा व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉग खेळ जाणणारा होता. त्याचे म्हणणे असे, की पोराला घरच्या मैदानावर एक-दोन सामने खेळवायचे असतील तर खेळवा, पण नंतर त्याला खाली मायनर लीगमध्ये शिकायला पाठवा. २७ जून १९७३ रोजी क्लाइड मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध उतरला. शाळा संपून त्याला पुरता महिनाही झाला नव्हता. मैदानात ३५,६९८ प्रेक्षक होते. आर्लिंग्टनच्या त्या मैदानाची सगळी तिकिटे संपण्याची ही पहिलीच वेळ. रस्त्यावर मोटारी एवढ्या तुंबल्या, की सामना उशिरा सुरू करावा लागला. क्लाइडने पहिल्या दोघा फलंदाजांना चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकटात पहिल्या तळावर पाठविले, त्यांतला एक तर रॉड कॅरूसारखा नामांकित. मग पुढच्या तिघांना त्याने ओळीने ‘स्ट्राइकआउट’ केले. पाच डावांत त्याने आठ जणांना असे बाद केले, सात जणांना फुकटचा तळ दिला, फटका एकच खाल्ला आणि सामना जिंकला.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले. आठ बाद आणि सात फुकट! ज्याला खेळ कळतो त्याला या एका संध्याकाळीत सगळे दिसायला हवे होते: हातात तेज आहे, ताबा नाही, आणि ताबा शिकवायला वेळ लागतो. परंतु शॉर्टने पाहिली ती भरलेली बाके. क्लाइडला खाली पाठविले गेले नाही. त्या मोसमात तो चार सामने जिंकला, आठ हरला. सप्टेंबरात हर्झॉगला नारळ मिळाला. पुढच्या वर्षी शॉर्टने संघच विकून टाकला आणि तो मोकळा झाला. मुलगा मात्र मोकळा झाला नाही. १९७४ मध्ये तीन विजय, नऊ पराभव. १९७५ मध्ये अखेर मायनर लीग, म्हणजे जेथून सुरुवात व्हायची तेथे दोन वर्षांनी आणि तीही अपमानाच्या शिक्क्यानिशी. १९७६ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया. पुढे क्लीव्हलँड संघाकडून दोन मोसम. १९७९ च्या ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमधला शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याचे वय चोवीस होते. एकूण विजय १८, पराभव ३३. शाळेच्या एका वर्षात जेवढे विजय, तेवढेच सबंध कारकिर्दीत.

या क्लाइडची गणना आज ‘अपेक्षा पुऱ्या न केलेल्या’ खेळाडूंत होते. माझा आक्षेप या शब्दयोजनेलाच आहे. अपेक्षा त्याने केली नव्हती, तर शॉर्टने केली होती. ती शॉर्टच्या पुरती पुरीही झाली, कारण तिकिटे खपली. मग न फिटलेले कर्ज मुलाच्या खात्यावर का मांडायचे?

मराठीत आपण ‘कसोटीला उतरला नाही’ असे म्हणतो. कसोटी म्हणजे सोनाराचा दगड. सोने त्यावर घासले की कस कळतो, आणि कसोटीवर घासल्याने सोन्याचे काही बिघडत नाही. अठरा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. तो अजून वाढत असतो आणि घासणे त्याला घडवते किंवा झिजवते. त्याला कसोटीवर घासून ‘हा खोटाच निघाला’ असे म्हणणे म्हणजे कच्ची वीट पावसात ठेवून विटेला दोष देणे होय.

यावर कोणी म्हणेल, त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये रॉबिन यंट होता, डेव्ह विनफील्ड होता, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. विनफील्ड मायनर लीगमध्ये एक दिवसही न खेळता थेट वर गेला, यंट १९७४ मध्ये अठराव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला आणि दोघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचले. पण विनफील्ड विद्यापीठात खेळून एकवीस वर्षांचा झाला होता. आणि यंटची पहिली वर्षे पाहा, ती साधारणच आहेत. निवडक खेळाडूंच्या ‘ऑल स्टार’ सामन्यात त्याला स्थान मिळायला १९८० साल उजाडले. त्याच्या मिलवॉकी संघाने तेवढी वर्षे त्याला खेळू दिले, चुकू दिले. शिवाय यंट पिचर नव्हता. मोसमभर त्याच्या एकाच खांद्यावर भार पडत नव्हता. यंटला मिळाली सहा वर्षे आणि क्लाइडला दोन. हा फरक गुणांचा म्हणायचा की मुदतीचा?

बरे, पारखी तरी असे काय त्रिकालज्ञ असतात? १९६६ साली पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क मेट्सने स्टीव्ह चिलकॉट नावाच्या कॅचरला घेतले. दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तो रेजी जॅक्सन. जॅक्सनने पुढे ५६३ होमरन मारले. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगचा एकही सामना न खेळता निवृत्त झाला. तेव्हापासून बिचाऱ्याचे नाव निघते ते केवळ जॅक्सनच्या वाक्यात. १९९१ साली न्यूयॉर्क यँकीजने ब्रायन टेलरला पहिला क्रमांक आणि साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात भावाची बाजू घेऊन तो एका मारामारीत पडला, चेंडू फेकायचा डावा खांदा निखळला आणि तोही वर पोहोचला नाही. उलट माइक पियाझा पाहा. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला बासष्टाव्या फेरीत घेतले, म्हणजे घेतले न घेतल्यासारखेच, आणि २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. टेलरला ‘वाया गेला’ म्हणणारे पियाझाच्या वेळी ‘आम्ही आंधळे होतो’ असे त्याच जोराने म्हणत नाहीत. चूक पारख्याची असली की तिला गंमत म्हणायचे, आणि मुलाची असली की शोकांतिका!

लोकांना ही आशेची भूक किती असते याचा एक मासला. १ एप्रिल १९८५ च्या ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात जॉर्ज प्लिम्प्टनने सिद्धार्थ ऊर्फ सिड फिंच नावाच्या पिचरवर लांबलचक लेख लिहिला. तिबेटात योग शिकलेला, ताशी १६८ मैल वेगाने चेंडू फेकणारा! लेखाची तारीख समोर छापलेली असूनही कित्येकांनी विश्वास ठेवला. फिंचने मात्र कोणाचा अपेक्षाभंग केला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता. आपल्याला हवा असलेला ‘होतकरू’ बहुधा असाच असतो.

आपल्या देशालाही या प्रकाराचा स्पर्श झालेला आहे. २००८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन एजंटाने भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली. भारतातला प्रेक्षक मिळाला तर केवढी बाजारपेठ, हा त्यामागचा विचार. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करणारे तरुण त्यातून निवडले गेले. त्यांनी तोवर बेसबॉल हातात धरलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दिनेशला २०१० मध्ये सोडले, रिंकू आणखी काही वर्षे दुखापतींशी झगडत मायनर लीगमध्ये टिकला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. मेजर लीगपर्यंत कोणीच पोहोचले नाही. २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, म्हणजे वसुली तेथेही झालीच. खेळाचे नियम २००८ मध्ये शिकायला घेतलेल्या रिंकूने २००९ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक सामना जिंकला होता. ज्या पट्टीने हे अपयश ठरते ती पट्टी कोणाच्या हातात आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

मी भाबडेपणाने बोलतो आहे असे वाटेल. क्लाइडने करारावर स्वतःच सही केली होती, त्याला खेळायचे होते, पैसे मिळाले होते, हे सगळे मान्य. निवड केल्याशिवाय कोणताही खेळ चालत नाही, हेही मान्य. माझे भांडण निवडीशी नाही. निवड करणाऱ्याला आपण हिशेबातून सोडून देतो, त्याच्याशी आहे. आपल्या कॉलेजातही प्रथम वर्षाला गुण बघून ‘तुझ्याकडून आम्हांला फार आशा आहेत’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तृतीय वर्षाला त्याच विद्यार्थ्याजवळ थांबून ‘तुला वेळ हवा आहे का?’ असे विचारणारे मला दोनच भेटले. दोघेही प्राध्यापक, आणि दोघांच्या तासांना गर्दी नसते.

वेळ म्हणजे काय हे पाहायचे तर मार्क अ‍ॅपेल पाहावा. २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, ह्यूस्टन संघ. दुसऱ्या क्रमांकाचा क्रिस ब्रायंट २०१६ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अ‍ॅपेल मायनर लीगमध्येच अडखळत राहिला आणि २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला. त्याच्यावर जे लिहायचे ते लिहून झाले होते. २०२१ मध्ये तो परत आला, खालच्या लीगमधून पुन्हा शिडी चढला आणि २९ जून २०२२ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये उतरला. मोजकेच सामने खेळला. तोवर त्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा उरली नव्हती.

क्लाइडला अशी संधी आली नाही. तो टेक्सासमध्ये लाकडाच्या धंद्यात शिरला आणि त्याने तेथे वर्षानुवर्षे काम केले. त्या काळच्या नियमाप्रमाणे मेजर लीगचे निवृत्तिवेतन मिळायला चार वर्षांची सेवा लागत असे. त्याचे ३७ दिवस कमी पडले. १९८० मध्ये नियम बदलला आणि नव्या खेळाडूंना ४३ दिवसांची सेवा पुरेशी ठरली, पण जे आधीच बाहेर पडले होते त्यांना जुनाच नियम राहिला. २०११ पासून अशा खेळाडूंना वर्षाला थोडी रक्कम मिळू लागली, ती निवृत्तिवेतन म्हणून नव्हे. २७ जून १९७३ च्या त्या ३५,६९८ तिकिटांचे पैसे तेव्हाच जमा झाले होते.