पोडावरचा पाहुणा

साहित्यिकाची पायधूळ झडली कीं ग्रंथालय धन्य झालें, अशी एक गोड समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आलेली आहे. यवतमाळ जिल्ह्याला तर हें भाग्य दोनदां मोठ्या प्रमाणावर लाभलें. १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९ सालीं अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं येथें साहित्यसंमेलनें भरलीं. (दुसऱ्या वेळीं नयनतारा सहगल यांना दिलेलें निमंत्रण मागें घेण्यांत आलें, तो कलंक निराळा.) मला सांगावयाचें आहे तें मांडवापासून फार दूरचें, झरी-जामणी तालुक्यांतील एका पोडाविषयीं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तेथील शाळेचें ग्रंथालय एका कपाटांत मावतें.

लेखक म्हणून मला तेथें बोलावणें आलें. मुलें उन्हांत रांगेनें बसलीं होतीं. शाल, श्रीफळ, भाषण, सर्व यथासांग झालें. मग मीं कपाट उघडावयास सांगितलें. आंत थोर पुरुषांचीं चरित्रें, बोधकथा आणि मीं नुकताच भेट दिलेला माझ्याच पुस्तकांचा संच होता. कोलामींतील एकहि पान नव्हतें. पहिलींतील एका मुलीपुढें चित्रांचें पुस्तक धरून मीं नदीवर बोट ठेवलें. ती चटकन् म्हणाली, "ईर." गुरुजींनीं तितक्याच चटकन् दुरुस्ती केली, "पाणी म्हण." पुढच्या पानावर घर होतें. तिच्या भाषेंत त्याला 'एल्ला' म्हणतात. पण आतां तिनें तोंड उघडलें नाहीं.

गुरुजींवर रागावण्यांत अर्थ नाहीं. ते करीत होते तेंच आपण सारे करतों. कोलामी ही कांहीं मराठीची बिघडलेली बोली नव्हे. ती द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा असून २०११ च्या जनगणनेंत सव्वा लाखांच्या आसपास लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. मरे एमेनो या पंडितानें तिच्यावर लिहिलेला ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठानें १९५५ सालीं प्रसिद्ध केला. सातासमुद्रांपलीकडे जिला जागा मिळाली, तिला पोडावरच्या कपाटांत मिळूं नये!

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, या मुलांना पुढें मराठींतच शिकावयाचें आहे, कोलामीनें त्यांचें पोट भरणार आहे काय? हाच युक्तिवाद इंग्रजीचे कैवारी मराठीविरुद्ध करतात, तेव्हां आपण किती संतापतों! मराठी त्यांना आलीच पाहिजे. पण ज्या मुलाला पहिल्या दिवशींच गप्प बसविलें, त्याला ती येणार कशी? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा हें माध्यम असावें असें म्हटलें, परंतु 'शक्य असेल तेथें' अशी पुस्तीहि जोडली. या तीन शब्दांच्या आड किती पोडें दडवितां येतील!

मग लेखकानें तेथें जाऊंच नये काय? अवश्य जावें, पण शाल घरीं ठेवून जावें आणि दोन दिवस राहावें. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं सांगितलेल्या गोष्टी मुलांकडून देवनागरींत लिहवून घ्याव्या, समोरच्या पानावर मराठी द्यावें, आणि ती वही शिवून कपाटांत ठेवावी. याला अनुदान लागत नाहीं. दोऱ्याचें एक रीळ पुरतें.

मीं हें केलें नाहीं. निघतांना अभिप्रायाच्या वहींत "उपक्रम स्तुत्य आहे" असें लिहून सही केली आणि मोटारींत बसलों.